काट्यावर बारीक, यकृतात चरबी

मैत्रिणींनो, गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका भगिनीचं आहे. त्या लिहितात, “यजमानांचं वय ४८, उंची पाच फूट सात इंच, वजन ६१ किलो. पँट ३२ नंबरची, पंधरा वर्षं तीच. ऑफिसच्या तपासणीत एसजीपीटी ६४ आलं आणि सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असं लिहून आलं. आमच्या घरात दारूचा थेंब नाही. पण रिपोर्ट आल्यापासून थोरले दीर म्हणतात, बाहेर घेत असेल. सासूबाई बोलत नाहीत, नुसत्या बघतात. बारीक माणसाच्या लिव्हरवर चरबी चढते का हो? मशीन चुकलं असेल का? की मीच भोळी?”

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचता येईल. हो, चढते. दारू न पिताही चढते, आणि वजन अगदी बेताचं असलेल्यांच्याही चढते. मशीन चुकलेलं नाही आणि तुम्ही भोळ्याही नाही. पण ‘बारीक आहेत, त्यांना काय होतंय’ असं म्हणून तो कागद कपाटात टाकू नका. पत्राचं उत्तर इथे सगळ्यांसाठी देते आहे ते याच कारणाने. जाड माणसाच्या रिपोर्टकडे घरातले आणि डॉक्टर दोघेही लक्ष देतात. बारीक माणसाचा रिपोर्ट मात्र बहुतेक घरांत नुसता फायलीला लागतो.

दारूचा शिक्का कुठून आला?

यकृतात थोडीफार चरबी सगळ्यांच्याच असते. ती ५ टक्क्यांच्या वर गेली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. पूर्वी डॉक्टरमंडळीही हे दारूचंच लक्षण समजत. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. युर्गेन लुडविग यांनी वीस रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब दारुड्याच्या यकृतासारखा दिसत होता, पण ही माणसं पिणारी नव्हती. तेव्हापासून ‘नॉन-अल्कोहोलिक’ हे नाव रूढ झालं. पण त्या नावातही दारू होतीच! ‘दारू न पिता झालेला’ असं म्हटलं तरी ऐकणाऱ्याच्या मनात दारूच येते. म्हणून २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी मिळून नावच बदललं. आता नव्या कागदांवर ‘एमएएसएलडी’ अशी अक्षरं दिसतील. साध्या भाषेत त्याचा अर्थ, शरीराचा साखर आणि चरबी हाताळण्याचा कारभार बिघडल्यामुळे यकृतात साठलेली चरबी. सांगलीच्या भगिनींनी हे दिरांना जरूर वाचून दाखवावं.

बारीक माणसाच्या पोटात चरबी येते कशी?

ज्या घरात कोठीची खोली मोठी असते, तिथे वर्षाचं धान्य आत मावतं. खोली लहान असली की पोती ओसरीवर येतात, जिन्याखाली येतात, शेवटी देवघराच्या दारापर्यंत येतात. शरीराची कोठी म्हणजे कातडीखालची चरबी. तिथे साठवलेलं फारसं त्रास देत नाही. आपल्यापैकी पुष्कळांची ही कोठी लहान असते. ती भरली की उरलेली चरबी पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात जाते. त्यात दंडा-मांड्यांचे स्नायू कमी असले तर रक्तातली साखर वापरणारं गिऱ्हाईकही कमी. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र किंचित पुढे, अशी माणसं आपण रोज बघतो. वजनकाट्याला यातलं काहीच कळत नाही. तो चरबी आणि स्नायू एकाच तागडीत तोलतो.

या बाबतीत आपल्या पुण्यातच मोठं काम झालेलं आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! काटा सारखा, शरीरं निराळी. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपल्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्याचं ३.५. आपलं बाळ स्नायूंनी, पोटाच्या अवयवांनी पुष्कळ लहान होतं, पण चरबीत त्या मानाने फारसं मागे नव्हतं. म्हणजे ही ठेवण जन्मापासूनची असू शकते. आईचं पोटातलं पोषण, बापजाद्यांकडून आलेला वारसा, सगळं त्यात आलं.

आणि हे फक्त खुर्चीत बसणाऱ्या शहरी लोकांचं दुखणं आहे असंही नाही. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात १,९११ जणांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ८.७ टक्के लोकांना फॅटी लिव्हर निघालं. त्यांतल्या ७५ टक्क्यांचा बीएमआय २५ च्या आत होता. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के, असे होते की ज्यांचं वजनही जास्त नव्हतं आणि पोटही सुटलेलं नव्हतं.

म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त धरतात, गोऱ्या लोकांसाठी ती रेघ २५ ची आहे. आणि बंगालच्या त्या लोकांसारखी माणसं या रेघेच्याही आतच राहतात. त्यांना ओळखायचं कसं? एक टेप आणि रक्ताचे चार कागद घेऊन.

आधी टेप घ्या

घरात शिवणाची टेप असतेच. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, ओढून आवळायची नाही, श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. आपण परकराची नाडी बांधतो तिथे नव्हे, बरं का! आणि पुरुषांचा पँटचा नंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे. पोट जसं सुटतं तसा पट्टा खाली सरकतो आणि नंबर तोच राहतो. बत्तीसची पँट पंधरा वर्षं टिकते ती पुष्कळदा अशीच. बाईचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साडेएकतीस इंचांपेक्षा, कमी असावा. पुरुषाचा ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत. याहून सोपं हवं असेल तर घेर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवावा.

आता रक्ताचे कागद

फाइल काढा. कागद तारखेप्रमाणे लावा. एका वहीच्या पानावर रकाने आखा आणि पुढचे आकडे वर्षावर्षाने उतरवा. एकटा आकडा फारसं सांगत नाही. तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी आले की काय चाललंय ते दिसू लागतं.

एसजीपीटी आणि एसजीओटी. ही यकृताच्या पेशींमधली द्रव्यं आहेत. पेशी दुखावली की ती रक्तात झिरपतात. एसजीपीटीला काही ठिकाणी एएलटी आणि एसजीओटीला एएसटी लिहितात. एसजीओटी स्नायूंमध्येही असतं, त्यामुळे खूप अंगमेहनत केल्यावर ते वाढलेलं दिसू शकतं. बऱ्याच लॅबच्या कागदावर ४० च्या पुढेही ‘नॉर्मल’ म्हणून छापलेलं असतं. पण अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये सांगितलं की निरोगी पुरुषाचं एसजीपीटी ३३ च्या वर आणि बाईचं २५ च्या वर सहसा नसतं. म्हणजे एखाद्या बाईचं ३८ आलं, तर लॅबच्या हिशेबाने ती पास होते, पण खरं तर डॉक्टरांना विचारायला हवं. याची उलटी बाजूही लक्षात ठेवा. यकृतात चरबी असूनही एसजीपीटी अगदी चोख येऊ शकतं. तेवढ्या एका आकड्यावर निर्धास्त होऊ नये.

दारूने बिघडलेल्या यकृतात साधारणपणे एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त असतं, कित्येकदा दुप्पट. आपल्या भगिनींच्या यजमानांचं एसजीपीटी ६४ आणि एसजीओटी ४२ आहे, म्हणजे उलटं. हा काही कोर्टातला पुरावा नव्हे, पण आकड्यांचा कल दिरांच्या बाजूने नाही, एवढं नक्की.

ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल. हे कोलेस्टेरॉलच्या कागदावर असतात. आपण ‘टोटल कोलेस्टेरॉल’ बघतो, ते १८० आलं की खूश होतो आणि कागद मिटतो. बारीक माणसाच्या बाबतीत त्याच्या खालच्या ओळीच महत्त्वाच्या. ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली हवं. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषात ४० च्या वर आणि बाईत ५० च्या वर हवं. यकृतात चरबी जास्त झाली की ते ती रक्तात सोडत राहतं, म्हणून एक वाढतं आणि दुसरं उतरतं.

साखर. उपाशीपोटी १०० च्या खाली, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ५.७ च्या खाली. १०८ साखरेला ‘अजून डायबेटिस नाही ना, मग झालं’ म्हणणारे खूप. तो आकडा म्हणजे दारावरची पहिली टकटक आहे.

या जोडीला रक्तदाब १३०/८५ च्या खाली आणि वर सांगितलेला घेर किंवा बीएमआय. साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि घेर, अशा या पाच गोष्टी झाल्या. नव्या व्याख्येप्रमाणे यकृतात चरबी आहे आणि या पाचांपैकी एक जरी बिघडलेली आहे, तर तो विकार धरतात, मग माणूस कितीही सडपातळ असो.

गणित एकच, पण महत्त्वाचं

सोनोग्राफीतली ‘ग्रेड’ म्हणजे चरबी किती दिसते त्याचा अंदाज. यकृत किती निबर झालंय, त्यात व्रण पडलेत का, हे ग्रेड सांगत नाही. खरी भीती व्रणांची असते. चरबी निघून जाऊ शकते, पण व्रण वाढत गेले तर पुढे सिरॉसिसची वाट. त्याचा पहिला अंदाज साध्या रक्ताच्या कागदावरून येतो. या आकड्याला फिब-४ म्हणतात.

वयाला एसजीओटीने गुणायचं. ही झाली वरची संख्या. मग प्लेटलेटच्या संख्येला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. ही खालची संख्या. वरच्या संख्येला खालच्या संख्येने भागायचं. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे २.१० लाख असतील तर २१०.

पत्रातलंच उदाहरण घेऊ. ४८ गुणिले ४२ म्हणजे २,०१६. प्लेटलेट २१०, आणि ६४ चं वर्गमूळ ८, त्यांचा गुणाकार १,६८०. भागाकार आला १.२. हा आकडा १.३ च्या खाली असला तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेला तर लवकर यकृततज्ज्ञांकडे जावं. मधला आला तर डॉक्टर बहुधा फायब्रोस्कॅन करायला सांगतात. त्यात सुई नाही, सोनोग्राफीसारखंच पडून राहायचं. आता याच गृहस्थांच्या प्लेटलेट १.४० लाख असत्या तर उत्तर आलं असतं १.८, म्हणजे पुढची तपासणी लागली असती. यकृत निबर झालं की पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते, म्हणून त्या उतरतात. पस्तिशीच्या आतल्यांना हे गणित नीट लागू पडत नाही, आणि पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ ची रेघ धरतात. हे गणित डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावा म्हणून आहे. घरी बसून निदान करण्यासाठी नाही.

रक्त द्यायला जाताना

रात्री जेवून दहा-बारा तास पोट रिकामं ठेवावं, मध्ये पाणी चालेल. आदल्या एक-दोन दिवसांत नवा, दमवणारा व्यायाम नको. नुकताच ताप, डेंगी किंवा कावीळ होऊन गेली असेल तर डॉक्टरांना सांगून थोडं थांबावं. लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या सकाळी तर जाऊच नये!

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. स्टेरॉइड, सांधेदुखीचं मेथोट्रेक्सेट, स्तनाच्या कर्करोगानंतर देतात ते टॅमॉक्सिफेन, यांनीही यकृतात चरबी येऊ शकते. बारीक माणसाच्या बाबतीत हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, क्वचित गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सिलिअ‍ॅक विकार आणि तरुण वयात तांब्याचा विल्सन नावाचा आजार, हेही डॉक्टर पडताळून बघतात. ‘सडपातळ आहे, मग हे कशाने?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका.

स्वयंपाकघरातलं आपल्या हातातलं

पहिली गोष्ट, बारीक माणसाला उपाशी ठेवू नका. झटपट वजन उतरवलं तर यकृताचा त्रास उलट वाढू शकतो. जाड माणसाला वजनाच्या ७ ते १० टक्के उतरावं लागतं, बारीक माणसाला ३ ते ५ टक्केही पुष्कळदा पुरतात. ६१ किलोवाल्याला दोन-तीन किलो, आणि तेही चार-सहा महिन्यांत, पोटावरचं.

दुसरी गोष्ट साखर. ‘याच्या अंगाला काही लागत नाही, खाऊ दे’ म्हणून आपण बारीक माणसाच्या ताटात जास्तीचा लाडू ठेवतो. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. तो बहुतांश यकृतातच जातो आणि जास्त झाला की तिथेच त्याची चरबी होते. दिवसातून चार कप चहा, कपाला दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा. झाले ४० ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे बिस्किटं, सरबत, शिरा धरायच्या आधीच मर्यादा ओलांडली. चहा सोडायला नको, चमचा अर्धा करा. दर पंधरवड्याला थोडी थोडी कमी केली तर जिभेला कळतही नाही. आणि गूळ चालतो, हा आपला लाडका समज सोडून द्या. गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच. फळ खावं, फळाचा रस नको.

तिसरी गोष्ट ताट. भाताचा ढीग आणि वर पातळ वरण, याऐवजी वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी-मुगाची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक, आणि भात-भाकरी बेताची. खाणाऱ्यांनी अंडं, मासे घ्यावेत. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास. उपासाला साबुदाणा-बटाटा म्हणजे नुसता पिठूळपणा आणि वर तूप-दाणे. त्यापेक्षा वरी बेताची, सोबत दही आणि फळ बरं.

चौथी, स्नायू. इथे बारीक माणसाने जास्तच लक्ष द्यायचं. रोज अर्धा तास झपझप चालणं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर, वजन उचलणं. आपल्या तालमीतले जोर-बैठका काही वाईट नव्हत्या! साखर वापरणारं गिऱ्हाईक वाढलं की यकृतावरचा भार हलका होतो.

पाचवी, ‘लिव्हर साफ करणारी’ चूर्णं आणि काढे. घरगुती म्हणजे निरुपद्रवी असं नसतं. २०२० मध्ये करोनाच्या काळात गुळवेल सतत घेतलेल्या मुंबईतल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे. ग्रेड १ साठी बहुतेकदा औषध लागतच नाही. ताट आणि चालणं हेच औषध. दारू घेणाऱ्यांनी मात्र ती थांबवावी, थोडीसुद्धा नको.

घाबरून जाऊ नका. फॅटी लिव्हर झालेल्या बहुतेकांना सिरॉसिस होत नाही. मात्र त्यांचं हृदय आणि साखर या दोन्हींवर डोळा ठेवावा लागतो, कारण खोड एकाच मुळाची आहे. सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा आणि वहीच्या रकान्यात आकडा लिहा. ६४ चा ४० झालेला दिसला की घरात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

जाता जाता एक. फाइल उघडाल तेव्हा त्यात कुणाकुणाचे कागद आहेत ते मोजा. यजमानांचे असतील, सासूबाईंचे असतील, मुलांचे लसीचे असतील. तुमचा शेवटचा कागद कधीचा? पुष्कळ घरांत तो बाळंतपणाचा असतो. गरोदरपणी साखर वाढली होती, पाळी अनियमित आहे, पीसीओडी सांगितलंय, किंवा पाळी जाऊन वर्ष झालं, यांपैकी काहीही असेल तर ‘मी तर बारीकच आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. यजमानांना लॅबमध्ये न्याल त्याच सकाळी, त्याच रिकाम्या पोटी, आपलाही दंड पुढे करा.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यातल्या डाळी-कडधान्यांना किडीपासून जपण्याविषयी. पत्रं पाठवत राहा.